भाड्याचं घर, स्वतःचं पिस्तूल

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना भागात फिरताना खानदेशी बोली जागोजाग कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबं ताप्ती व्हॅली मार्गाच्या गाडीनं आली आणि इथेच रमली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा त्यांच्यासाठीच सुरू झाल्या. यातली कितीतरी कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका मजल्यावर एक भाडेकरू राहतो, अशी कल्पना करा. हिऱ्यांच्या पेढीवर रोकड आणि माल पोचवण्याचं त्याचं काम आहे. जोखमीचं काम म्हणून त्यानं रीतसर परवाना काढून ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं आहे. सकाळी तो ते कंबरेला लावूनच गॅलरीत चहा पीत उभा राहतो. शेजारी विचारतो, "आबा, हे असं उघडं लावून उभं राहता येतं का?" उत्तर येतं, "घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं? आत मालक मीच."

या उत्तराबरोबरच लोकांच्या मनात आणखी दोन समजुती पक्क्या बसलेल्या असतात. स्वतःच्या मालकीचं घर नसेल तर शस्त्र परवाना मिळतच नाही, ही पहिली. परवाना एकदा हातात पडला की हत्यार कुठेही, कसंही नेता येतं, ही दुसरी. तिन्ही समजुतींत थोडं खरं आणि बरंचसं चुकीचं आहे. ते वेगळं करायचं तर आपला कायदा हत्यार, माणूस आणि घर यांचं नातं कसं लावतो, ते समजून घ्यावं लागतं.

हक्क की परवानगी?

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात. घराच्या पायरीवर बसलेला माणूस, कंबरेला उघडं पिस्तूल, समोर पोलीस, आणि पोलीसच माघारी जातात. ते पाहून आपल्याकडेही असंच असावं, असं वाटू लागतं. पण त्या माणसामागे १७९१ सालची त्यांच्या संविधानाची दुसरी दुरुस्ती उभी असते. २००८ मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. म्हणजे तिथे सुरुवात हक्कापासून होते आणि सरकारला निर्बंधाचं कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे सुरुवात उलट टोकाकडून होते. भारतात हत्यार बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. तो असावा, असं एके काळी आपल्याच नेत्यांना वाटत होतं, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवान्याची सक्ती झाली आणि युरोपियनांना सूट मिळाली. हा अपमान इतका खोल रुतला होता की १९३१च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव झाला, तेव्हा त्यात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क संविधानात आणण्यासाठी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेनं जनतेला निःशस्त्र केलं होतं, त्या काळातली ही मागणी होती. स्वतंत्र देशात सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारही तोच पुढे करतील, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ते शांततेनं आणि विनाशस्त्र. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना सर्वोच्च न्यायालयानं अमेरिका आणि भारत यांच्यातला हाच फरक पुन्हा सांगितला.

आंबेडकरांची बाजू मला आजही पटते. दाट वस्तीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या समाजात एकाच्या हक्काची झळ शेजाऱ्याला लगेच लागते.

सुरतेतलं एक जुनं भाड्याचं घर

उघड्यावर शस्त्र मिरवणारे भाडेकरू सुरतेनं साडेतीनशे वर्षांपूर्वीच पाहिले आहेत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. शहराचा मोगल अंमलदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन मात्र वखारीतच थांबला. सुवाळी बंदरातल्या जहाजांवरून त्यानं खलाशी आणवले, वखारीवर तोफा चढवल्या आणि ढोल-कर्णे वाजवत हत्यारबंद माणसं शहरातून फिरवली. ही सगळी वखार इंग्रजांच्या मालकीची नव्हती. पुढे दहाएक वर्षांनी सुरतेत आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर लिहून गेला आहे की त्या घराचा काही भाग बादशहाची देणगी होता आणि काही भाग भाड्यानं घेतलेला.

त्या काळी परवान्याचा कागद कुणी मागत नव्हतं. आपली कातडी आपणच वाचवायची, असा तो काळ होता. पण त्या प्रसंगात एक गोष्ट ठळक दिसते: हत्यार उघडं दाखवण्यामागचा हेतू समोरच्याला धाक घालण्याचा असतो. ऑक्झेंडननं ते जाणूनबुजून केलं. आजचा कायदाही उघड्या हत्याराकडे याच नजरेनं बघतो, आणि म्हणूनच ते झाकायला सांगतो.

भिंती काय करतात, काय करत नाहीत

सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९चा, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झालेला. त्याच्या कलम ३ मध्ये तीन क्रिया परवान्याशिवाय मना आहेत: हत्यार मिळवणं, ताब्यात ठेवणं आणि जवळ घेऊन फिरणं. 'ताब्यात ठेवणं' म्हटल्यावर घर आपोआप आत आलं. आपल्या घरात, आपल्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली विनापरवाना पिस्तूल असेल, तरी गुन्हा तोच. २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या हत्यारासाठीही किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

ताबा म्हणजे काय, यावर न्यायालयांनी बराच विचार केला आहे. १९७२च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हत्यार प्रत्यक्ष हातात असण्याची गरज नाही. ते दुसऱ्याकडे दिलेलं असलं, तरी त्याची जाणीव आणि त्यावरची हुकमत तुमची असेल, तर ताबाही तुमचाच. उलट बाजूही तितकीच खरी. तुमच्या नकळत कुणी माळ्यावर काही टाकून गेलं असेल, तर जाणीव नाही म्हणून ताबाही नाही. अर्थात ते पटवून देणं सोपं नसतं. महाराष्ट्राला माहीत असलेलं उदाहरण अभिनेता संजय दत्त यांचं. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यांच्यावरचा मुख्य मुद्दा घरी ठेवलेल्या विनापरवाना शस्त्रांचा होता. कटाच्या आरोपातून ते सुटले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी कायम ठेवत शिक्षा ६ वरून ५ वर्षांवर आणली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते येरवड्यातून बाहेर आले. घर कुटुंबाचंच होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणजे 'आत मालक मीच' हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. घराच्या भिंती परवान्याची जागा घेऊ शकत नाहीत.

भाडेकरूला परवाना मिळतो का?

मिळतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. माझ्या मते या कायद्यातलं हे सर्वांत लोकशाही कलम आहे. लिटनच्या कायद्यानं माणसाचा वंश पाहिला. स्वतंत्र भारताच्या कायद्यानं सातबारा किंवा खरेदीखत पाहण्याचंही नाकारलं.

घरचा गॅस आठवा. कनेक्शन माणसाच्या नावावर असतं, घर कुणाच्या मालकीचं याला महत्त्व नसतं. पण पत्ता खरा लागतो, आणि घर बदललं की नोंद बदलून घ्यावी लागते. शस्त्र परवान्याची रीतही अशीच आहे. तुम्ही खरंच कुठे राहता, हे परवाना अधिकाऱ्याला कळायला हवं. म्हणून अर्जाला राहत्या जागेचा पुरावा लागतो, जवळच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, आणि त्या चौकशीत घरमालक किंवा शेजाऱ्यांना विचारणं झालं तर त्यात वावगं काही नाही. ११ महिन्यांचे करार करून दर वर्षी खोली बदलणाऱ्यासाठी खरी अडचण इथे उभी राहते. घर बदलल्यावर नव्या जागेची खबर परवाना अधिकाऱ्याला मुदतीत द्यावी लागते. ती न देणं म्हणजे परवान्याची अट मोडणं. कलम ३० खाली त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच.

खानदेशातून सुरतेला आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे. परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो, हे लिहिलेलं असतं. नुसत्या महाराष्ट्रापुरता परवाना असेल आणि नवापूर ओलांडून हत्यार गुजरातेत आणलं, तर परवाना खिशात असूनही हत्यार विनापरवाना ठरू शकतं. गावाकडे शेतावर वापरलेली वडिलोपार्जित बंदूक सामानात टाकून आणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

शस्त्राचा अधिकार जमिनीशी जोडलेला असण्याचं उदाहरणही देशात आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव लोकांना आणि जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्रानं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. बाकी देशात मात्र परवाना माणसाला मिळतो.

चौकट : सुरतेत परवाना कोण देतं, कसा देतं?

सुरत शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहराच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, ओळख आणि राहण्याचा पुरावा, आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्ता सांभाळण्याची खरी गरज असणं, हे नियमांनी मान्य केलेलं कारण आहे. महिधरपुरा किंवा वराछाच्या हिरेबाजारात माल घेऊन वावरणारे याच कारणावर अर्ज करतात. २०१९ पासून परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाकडची हत्यारं ३ वरून २ वर आली. प्रत्येक परवानाधारकाची राष्ट्रीय नोंदणीत एक स्वतंत्र क्रमांकासह नोंद असते. अर्ज नाकारला, तर कलम १८ प्रमाणे अपील करता येतं.

उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

आता आबांच्या गॅलरीकडे वळू. खोलीच्या आत, दार लावून, परवानाधारकानं कंबरेला रिव्हॉल्व्हर लावलं तर त्याला थेट मनाई करणारा नियम नाही. तो ते स्वच्छ करेल, तपासेल, लावून बघेल. अडचण सुरू होते ती उंबरठा ओलांडल्यावर.

२०१६च्या शस्त्र नियमांतला ३२वा नियम सार्वजनिक जागेबद्दल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं, आणि नेणाऱ्याचं त्यावर पक्कं नियंत्रण असेल अशा रीतीनं. हत्यार परजणं आणि सार्वजनिक जागी बार काढणं पूर्ण मना आहे. नुसता आवाज करणाऱ्या, गोळी न सोडणाऱ्या हत्यारांनाही हे लागू आहे. म्हणजे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चालतं ते कंबरेला उघडं पिस्तूल लावून बाजारात जाणं आपल्याकडे परवाना असूनही चालत नाही.

मग गॅलरी सार्वजनिक आहे का? कायद्यात 'गॅलरी' असा शब्द लिहून उत्तर दिलेलं नाही. अशा वेळी पाहिलं जातं ते हे: त्या जागी इतर लोक येऊ-जाऊ शकतात का? भाड्याच्या घराला इथे खरा अर्थ येतो. बंगल्यात राहणाऱ्याला दारापासून फाटकापर्यंत स्वतःचं अंगण असतं. चाळीतल्या भाडेकरूचं खासगी जग खोलीच्या दारात संपतं. मजल्यावरची सामाईक गॅलरी, जिना, पाण्याच्या टाकीकडे जाणारी गच्ची, खालची पार्किंगची जागा इथे दूधवाला येतो, मुलं खेळतात, शेजारणी वाळवणं घालतात. तिथे उघडं हत्यार घेऊन उभं राहणारा माणूस स्वतःच्या घरात आहे, असं म्हणणं अवघड आहे. त्यानं जिना उतरण्याआधीच ते झाकलेलं असावं, हा सुरक्षित अर्थ.

उत्तरायणात सुरतेच्या गच्च्या माणसांनी फुललेल्या असतात. लग्नाच्या वराती, नव्या खोलीची वास्तुशांत, मुलाचा वाढदिवस, अशा प्रसंगी हवेत बार काढायची हौस काहींना येते. २०१९च्या दुरुस्तीनं कलम २५ मध्ये खास पोटकलम घातलं: आनंदाच्या भरात किंवा बेपर्वाईनं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेपर्वाईचा हा गुन्हा जागा खासगी आहे की सार्वजनिक, हे विचारत नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि दाट वस्तीत ती कुणाच्या तरी पत्र्यावर, कुणाच्या तरी डोक्यावर येते.

याशिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई हुकूम असतात. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत '३७ (१) (३) लागू' अशी बातमी दिसते. हे कलम १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यातलं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि हा कायदा दोघांच्या वाट्याला आला. आता तो इकडे महाराष्ट्र पोलीस कायदा, तिकडे गुजरात पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. ३७ हा आकडा दोन्हीकडे तोच. त्याखाली पोलीस आयुक्त जाहीरनामा काढून ठरावीक दिवस हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदी घालू शकतात. निवडणुकीत तर छाननी समिती परवानाधारकांची नावं तपासते आणि ज्यांना सांगितलं जाईल त्यांना हत्यार जमा करावं लागतं.

भाड्याच्या घरात आणखी एक धोका दडलेला असतो, तो भांडणाचा. अनामत परत मिळत नाही, पाणी तोडलं, गाडी लावण्यावरून कुरबुर, असे वाद भाडेकरू आणि मालकात होतच असतात. बोलणी चालू असताना एकानं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. नेम धरला नाही, शब्दानं धमकावलं नाही. तरीही ते धमकी ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ कोणत्याही मार्गानं दिलेली धमकी गुन्हा मानतं, आणि धमकी जिवे मारण्याची असेल, तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्वसंरक्षणाचा अधिकार भाडेकरूलाही पुरेपूर आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध त्याच संहितेचं कलम ४१ त्याला बरंच बळ देतं. पण त्यासाठी समोर खरा धोका हवा. अनामतीचा वाद हा तसा धोका नव्हे.

दुसरी किल्ली

खोली भाड्यानं देताना बहुतेक मालक एक किल्ली स्वतःजवळ ठेवतात. नळ फुटला, वायर जळली, तर आत जाता यावं म्हणून. एरवी यात काही बिघडत नाही. पण घरात हत्यार असेल, तर या दुसऱ्या किल्लीचा विचार सर्वांत आधी करायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं. बहुतेकांच्या लक्षात तो येतच नाही. ताबा म्हणजे हुकमत, हे आपण पाहिलं. दाराची किल्ली दोघांकडे असेल, तर दारावर विसंबून चालणार नाही. हत्यारासाठी वेगळं, मजबूत, कुलपाचं पोलादी कपाट किंवा तिजोरी हवी, तिची किल्ली परवानाधारकाच्याच अंगावर असावी, आणि काडतुसं हत्यारापासून वेगळी ठेवलेली बरी. तिजोरी भिंतीत पक्की करायची तर भिंत मालकाची आहे. तेव्हा करार करतानाच तसं बोलून, लिहून घ्यावं. घरात हत्यार आहे, हे मालकाला सांगायला संकोच वाटतो, पण पुढे पोलीस चौकशीला आल्यावर त्याला ते कळणारच असतं.

आणि मे महिन्यात किंवा दिवाळीला कुटुंब गावी निघालं की काय? 'जरा तुमच्याकडे ठेवा' म्हणून मालकाकडे किंवा शेजारच्या भाऊंकडे हत्यार सोपवणं ही मोठी चूक. परवाना त्यांच्या नावावर नाही. हातात घेतल्या क्षणी त्यांचा ताबा बेकायदा होतो, आणि देणाऱ्यानंही गुन्हाच केलेला असतो. कायद्यानं अगदी थोडी मोकळीक ठेवली आहे: दुरुस्ती किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रानं दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. सांभाळायला देणं त्यात येत नाही. गावी जाताना बंद खोलीत हत्यार ठेवून जाण्यापेक्षा, सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ते रीतसर जमा करावं, पावतीवरचा हत्याराचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि ती पावती परवान्याबरोबरच ठेवावी.